जॉइसचे हात

ऐन गाई व्यायच्या दिवसांत विश्वनाथचा पाय मोडला. पाऊस असा लागून राहिला होता की टेकाडावरचं गवत लांबून हिरवंगार दिसायचं आणि पाऊल टाकलं की खाली नुसता रेंदा. त्या रेंद्यात चारचाकी बाइक घसरली, उलटली, आणि हा बाबा तिच्याखाली. 'उतारावरनं नका नेऊ' म्हणून विनया आदल्याच दिवशी ओरडली होती. पण बायकोचं ऐकलं तर नवरा कसला! हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात त्याच्या नडगीत सळई घातली आणि पाय अजिबात टेकायचा नाही असं बजावून घरी पाठवला.

मागं उरली विनया, दोन-अडीचशे गाई, आणि शाळेत जाणारी सानिका.

साळवे मूळचे शेवगावकडचे. विश्वनाथनं शेतकीचा डिप्लोमा केला, गोठ्यावरची नोकरी धरून न्यूझीलंड गाठलं आणि सात-आठ वर्षं दुसऱ्याच्या गाई पिळून अखेर वाट्यानं शेत मिळवलं. जमीन मालकाची, गाई मालकाच्या, राबायचं आपण आणि दुधात आपला वाटा. ह्या भागात मराठी माणूस म्हणाल तर हेच एक घर. ऑकलंडला विनयाची मावसबहीण मंदा नर्स होती, तिथल्या फ्लॅट बुश भागात तिचं ऐसपैस घर होतं. विनया कधी तिच्याकडं गेली की तिथल्या पुण्या-मुंबईच्या बायका डोळे मोठे करून विचारायच्या, "म्हणजे खरंच तुम्ही स्वतः शेण काढता?" विनया म्हणायची, "गाय काढते ना, मग मी काय नुसतं बघत बसू?" बायका हसायच्या, विनयाही हसायची. पण परतीच्या वाटेवर हात नाकाशी नेऊन वास घ्यायची, आणि मनाला लागायचं ते लागायचंच.

तिची आई बायबलबाई होती. डोक्यावर पदर, काखेत पुस्तक, आणि गावोगाव पायी फिरून गाणी शिकवायची, आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना करायची. तिची जीभ विनयानं घेतली. इथल्या तिठ्यावरच्या पांढऱ्या लाकडी चर्चमध्ये विनया पहिल्यांदा गेली तेव्हा ती बाहेर चपला काढून आत गेली आणि अनवाणी बसली. लोकांनी पाहिलं, कुणी काही बोललं नाही. पाचेक वर्षांत चर्चची किल्ली तिच्याकडं आली. झाडलोट तिची, फुलं तिची, पोरांचा रविवारचा वर्ग तिचा. पाळकसाहेब महिन्यातून एकदा यायचे. बाकीचे रविवार मंडळी आपलं आपण भागवायची आणि प्रार्थना बहुतेक विनयाच करायची. ती सुरू झाली की गावाचं, देशाचं, वासरांचं, हिंदुस्थानातल्या दुष्काळाचं सगळं देवापुढं मांडायची. घरी ओव्हनमध्ये मटण ठेवून आलेल्या बायका एक डोळा उघडून घड्याळाकडं बघायच्या.

तर पाय मोडल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे विनया अंधारात शेडकडं निघाली. रबरी एप्रन अंगावर, गमबुटात पाय. बघते तर शेडचे दिवे आधीच लागलेले आणि यंत्राची धकधक चालू. गाईंच्या दोन रांगांमधल्या, दूध काढायच्या खोल चरात जॉइस मॅक्री उभी होती.

जॉइस शेजारच्या शेताची. सत्तरीला टेकलेली, उंच, काटकुळी. नवरा डग गेल्याला दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून तिच्या साठ-सत्तर जर्सी गाई ती एकटी बघायची. शेवगावात असती तर विनयानं तिला काकू म्हटलं असतं. इथं नुसतं जॉइस म्हणायचं, आणि ती सवय व्हायला विनयाच्या जिभेला वर्ष लागलं होतं.

"माझ्या गाई अजून आटलेल्या आहेत, ऑगस्टपर्यंत मी रिकामीच," जॉइस म्हणाली. "उभी काय राहिलीस? ती बाजू घे."

मग रोजच ती येऊ लागली. कधी बॅरी यायचा. तो चर्चमधला वडील, म्हणजे कारभाऱ्यांपैकी एक, जाडजूड, कमी बोलणारा. यायचा, व्यायलेल्या गाई आणि वासरं आत आणून द्यायचा आणि चहा न घेताच जायचा. कुणी मदतीचा शब्द काढत नव्हतं. विनया आभार मानायला लागली की जॉइस पाण्याचा पाइप जोरात सोडायची.

एके सकाळी काम उरकल्यावर विनयानं तिला हट्टानं घरात आणलं. आलं घातलेला चहा पुढं ठेवला. जॉइसनं कप कानाला धरून उचलला नाही, दोन्ही तळव्यांत दाबून उचलला. एप्रनची गाठ सोडायला गेली तर सुटेना. विनयानं उठून ती सोडली आणि मग तिचे हात हातात घेतले. बोटांची पेरं सुजून गाठी झालेल्या, कातडी तापलेली, आणि मूठ काही केल्या मिटत नव्हती.

"किती दिवस झाले हे?"

"डग होता तेव्हापासून. गाईंच्या सडांना यंत्राचे कप तोच लावायचा." जॉइस खिडकीबाहेर बघत होती. "आता पहाटे आधी गरम पाण्यात हात धरून बसते. मग थोडा वेळ चालतात. तुझ्या गाईंवर चालतात का बघत होते, खरं सांगायचं तर. माझ्या व्यायला लागल्या की काय होणार कुणास ठाऊक."

"अगं पण तुझा मुलगा?"

"स्टुअर्ट? वेलिंग्टनला बसून तो शेत विकायच्याच गोष्टी करतो. हे हात त्याला दिसले तर पुढच्या आठवड्यात फाटकावर पाटी लागेल." आणि ती, जी डगच्या मातीला कोरड्या डोळ्यांनी उभी होती, ती रडली. आवाज नाही, काही नाही. नाकाच्या शेंड्यावरून थेंब चहात पडला.

विनयानं लसूण घालून तेल कडवलं आणि तिची बोटं चोळून दिली. तिला फार वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोला, थोडं बरंही वाटलं. इतक्या वर्षांत ह्या देशात कुणी तिच्या स्वयंपाकघरात बसून रडलं नव्हतं.

'कुणाला सांगू नकोस' असं जॉइस म्हणाली नाही. तिच्या लोकांत ते म्हणावं लागतच नाही. आणि विनयाच्या लोकांत काय? माणूस आपलं दुःख सांगतो ते मंडळीनं त्यासाठी गुडघे टेकावेत म्हणूनच. घोटाळा झाला तो इथं.

रविवारी विनया साक्ष द्यायला उभी राहिली. शेवगावच्या चर्चमध्ये उपकार झाला की उभं राहून नावानिशी सांगायचं, ही रीतच. तिनं सांगितलं. देवानं नवऱ्याचा जीव वाचवला, बॅरीनं वासरं आणली. आणि मग ती जॉइसच्या बाकाकडं वळली.

"आणि आपली जॉइस! जिच्या हाताची मूठ मिटत नाही, पहाटे गरम पाण्यात हात धरून बसते, ती माझ्या गाई पिळते. माझ्या टेबलाशी बसून रडली बिचारी. तिच्या गाई व्यायला आल्यात आणि एकटीच्यानं ते होणार नाही. आपण सगळे आत्ता जॉइसच्या हातांसाठी प्रार्थना करू."

विनयानं डोळे मिटले आणि मनापासून प्रार्थना केली. आमेन म्हणून डोळे उघडले तर जॉइस बाकावरून उठत होती. तिनं गीतांचं पुस्तक जागेवर नीट ठेवलं, कोट घातला. बटणं लावायला बराच वेळ लागला, आणि सगळे बुटांकडं बघत बसले. मग ती निघून गेली. चहाला थांबली नाही.

गाडीत बसल्याबरोबर सानिका भडकली. "मम, यू कान्ट जस्ट से दॅट!"

"काय वाईट बोलले मी? प्रार्थनाच केली ना?"

"एव्हरीवन नोज नाऊ!"

"मग कळू दे की. कळलं तर मदतीला येतील."

सानिकानं कपाळावर हात मारला. मराठी तिला सगळं कळायचं, पण ह्या आईला समजावायला तिच्याकडं कुठलीच भाषा पुरेना.

सोमवारी जॉइस आली नाही. मंगळवारी बॅरी एकटाच आला. गाई हाकत जाता जाता म्हणाला, "माझ्या बायकोनं स्टुअर्टला फोन केला. तिला वाटलं, मुलाला माहीत असावं." एवढं बोलून तो गेला, आणि विनया हातातला कप तसाच धरून उभी राहिली. स्टुअर्टला! अरे देवा, हे काय होऊन बसलं? आत्ता कुठं तिच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तिला इतकी लाज वाटली की पावसात जाऊन उभं राहावंसं वाटलं.

तिकडच्या रस्त्यावर समोरून गाडी आली की चालवणारा स्टीअरिंगवरचं एक बोट उचलतो. ओळख असो नसो. जॉइसची जुनी गाडी समोरून आली, विनयानं बोट काय, अख्खा हात वर केला. जॉइसचं बोट हललं नाही.

विनया माफी मागायला गेली. ताज्या चिकाचा खरवस केला होता, वेलदोडा घालून. जॉइसनं दार अर्धवटच उघडलं.

"मी चुकले, जॉइस. मला वाटलं होतं..."

"तुला काय वाटलं होतं ते मला माहीत आहे. तू मनानं वाईट नाहीस." जॉइसचा आवाज शांत होता, आणि त्यानंच जास्त लागलं. "पण ते माझं होतं, विनया. सांगायचं की नाही, कुणाला, कधी, ते माझं होतं. तू ते उचलून वाटून टाकलंस." आणि दार लागलं. खरवस विनयाच्या हातातच राहिला.

घरी विश्वनाथ खुर्चीत पाय लांब करून बसला होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माफी मागितलीस ना? मग झालं."

"काय झालं? तोंडानंच घाण केली, आता तोंडानं काय पुसू?"

"मग तोंड ऱ्हाऊ दे बाजूला. तिनं आपल्याकडं राबणूक केली का नाय? सावड हाये ती. तिच्या गाई व्यायल्या की जायचं आपण."

विनया त्याच्याकडं बघत राहिली. नवरा एरवी शहाणपणाचं क्वचितच बोलायचा, त्यामुळं तिला ते पटकन ओळखू आलं नाही.

ऑगस्ट उजाडला, म्हणजे तिकडची ऐन थंडी. गवतावर पांढरं दव गोठू लागलं. विश्वनाथ कुबड्या घेऊन शेडमध्ये येऊ लागला, स्टुलावर बसून एका बाजूचे कप लावू लागला. सोबत सकाळपुरता एक रोजंदार ठेवला. विनया आपल्या गाईंची पहिली घाई उरकायची आणि बाकीचं त्यांच्यावर टाकून, ओल्या एप्रनसकट जॉइसच्या शेडकडं जायची.

पहिल्या दिवशी ती पोचली तेव्हा जॉइस चरात होती आणि चार कपांचा जुडगा तिच्या हातातून निसटून खाली पडला होता. खाली पडले की ते कप वारा ओढतात, शेणपाणी ओढतात आणि जोरात कण्हतात. जॉइस वाकून उचलायची, ते पुन्हा निसटायचे. गाय पाय झाडत होती.

"मला मदत नको," जॉइस मागं न बघताच म्हणाली.

"मदतीला आलेच नाही. आमच्याकडं सावड असते. तू माझ्या शेतात राबलीस, आता मी तुझ्या शेतात राबायचं. ही रीत आहे. न फेडता बसले असते तर माझा बाप गावात कुणापुढं उभा राहिला नसता."

"मी तुला उसनं दिलं नव्हतं काही."

"नसशील. मी घेतलंय."

"आणि मी नको म्हटलं तर?"

"तर मी इथं उभी राहीन. ऊन नाही, पाऊस आहे, भिजेन."

विनया चरात उतरली, पलीकडची बाजू घेतली आणि कप लावायला लागली. एक गाय, दुसरी गाय. थोड्या वेळानं जॉइसनं आपल्या हातातले कप दांडीला अडकवले, काठी घेतली आणि गाई आत वळवायला वर गेली.

असं रोज चाललं. जॉइस गाई आणायची, कुणाला ताप, कुणाची कास तटलेली हे एका नजरेत ओळखायची, आणि कप विनया लावायची. बोलणं असं नाहीच. 'ही लाथ मारते', 'तिला सोड', 'पाणी मार', एवढंच. बोलल्याशिवाय घास न उतरणारी बाई विनया, तिला हे फार जड गेलं. दिवस दिवस तिची कंबर भरून यायची, दोन शेडांच्या थंड पाण्यानं बोटांना भेगा पडल्या. त्या दुखत तेव्हा तिला वाटायचं, बरं झालं, दुखू दे. एकदा एक म्हातारी जर्सी व्यायल्यावर आडवी झाली, कान गार पडले, मान कुशीला वळवून बसली. दोघींनी पावसात गुडघ्यावर बसून तिच्या कातडीखाली कॅल्शियमची बाटली चढवली. जॉइसनं बाटली वर धरायला दोन्ही मनगटं लावली आणि विनयानं सुई. गाय धडपडत उठली तेव्हा जॉइस तिला म्हणाली, "शाबास, म्हातारे." विनयाकडं बघून नाही, गाईकडं बघून. तरी विनयाला दिवसभर ते पुरलं.

चर्चमध्ये तिची प्रार्थना आखूड झाली. देवा, सगळ्यांना सांभाळ, आमेन. बायकांची मटणं वेळेवर ओव्हनमधून निघू लागली आणि बॅरी काळजीनं विचारू लागला, "तुझी तब्येत बरी आहे ना?" जॉइसची बाकावरची जागा रिकामी असायची. विनया ती जागा पुसायची आणि गप घरी यायची.

आणि एका शनिवारी सकाळी स्टुअर्ट आला.

उजाडता उजाडता गाडी शेडपाशी थांबली. पन्नाशीचा माणूस, वेलिंग्टनच्या सरकारी ऑफिसातला, चांगला कोट आणि पायात बापाचे जुने गमबूट. जॉइस शेवटच्या गाई आणायला मागच्या आवारात गेली होती. तो चराच्या काठाशी येऊन उभा राहिला.

"तुम्हीच विनया ना? किया ओरा. मी स्टुअर्ट." तिकडचा माओरी नमस्कार घालत, हात पुढं करून त्यानं तिच्या ओल्या हातमोज्याकडं पाहिलं आणि तरीही हात मिळवला. "आई फोनवर म्हणते, सगळं ठीक आहे. बाबांच्या वेळीही ती हेच म्हणत होती. तुम्ही रोज इथं असता. मला खरं सांगा. तिच्या हातांनी हे होतं का?"

विनयानं हातातले कप दांडीला अडकवले. खोटं ती बोलणार नव्हती. बायबलबाईची पोर ती. 'होतं' म्हटलं तर पाप. 'होत नाही' म्हटलं तर जॉइसच्या गाई जाणार, आणि दुसऱ्यांदा तिच्याच तोंडून जाणार. आणि हा माणूस काही दुष्ट नव्हता. आईच्या काळजीनं रात्रभर गाडी हाणत आलेला, डोळे लाल झालेले. सांगून टाकावं, मोकळं व्हावं, असं तिच्या जिभेवर अगदी आलं. तिनं ओठ दाबून धरले. यंत्र धकधकत होतं. एका गाईनं शेपटी मारली, ती गालावर बसली.

"स्टुअर्ट," ती शेवटी म्हणाली, "मी एकदा बोलून बसलेय, आणि ते बोलणं माझं नव्हतं. आता तू मला चर्चमध्ये उभं करून विचारलंस तरी मी सांगणार नाही. ती काय करते ते मी रोज बघते. ते तिनं सांगायचं."

"म्हणजे होत नाही."

"म्हणजे मी सांगणार नाही."

"नाही होत," मागून आवाज आला.

शेवटची गाय आत वळली होती आणि तिच्या ढुंगणामागं जॉइस उभी होती. काठी काखेत, केस पावसानं कपाळाला चिकटलेले. तिनं हातमोजे दातांनी ओढून काढले आणि दोन्ही हात मुलापुढं धरले.

"बघ. दोन हिवाळे कसेबसे ओढले. आता कप मला लावता येत नाहीत. मी तुला सांगितलं नाही, कारण तू लगेच विकायला काढलं असतंस."

स्टुअर्ट हात बघत राहिला. त्यानं ते धरले नाहीत. आधी धरायला गेला, मग दुखतील म्हणून थांबला. "मम," एवढंच म्हणाला. पन्नाशीचा माणूस, पण त्या एका शब्दात त्याचं पार लहान पोर झालं.

"हा हंगाम मी पुरा करणार," जॉइस म्हणाली. "कप विनया लावते. का लावते ते तिची काहीतरी रीत आहे, मला अजून नीट कळलेली नाही. गाई आटल्या की आपण दोघं टेबलाशी बसू आणि मी ठरवीन. मी. तोवर फाटकावर पाटी लागली तर त्याच पाटीनं तुला झोडपीन. कळलं?"

"कळलं."

"मग कोट काढ. ती ओळ उभी आहे. दूध काढायला विसरला नसशील."

स्टुअर्टनं कोट खिळ्याला अडकवला आणि चरात उतरला. पहिल्या गाईनं त्याला लाथ मारली, दुसरीनं अंगावर शेण सोडलं, तिसरीला कप नीट लागले. विनया आपल्या बाजूला वळली. तिचे डोळे भरून आले होते आणि पुसायला एकही हात स्वच्छ नव्हता, म्हणून तिनं ते तसेच वाहू दिले.

सगळं उरकलं. आवार धुऊन झालं. स्टुअर्ट वासरांना दूध द्यायला गेला. विनयानं एप्रन धुतला, घडी घालून निघाली. फाटकापर्यंत पोचली असेल, तोच मागून हाक आली.

"विनया."

ती थांबली. जॉइस शेडच्या दारात उभी होती.

"उद्या चर्चला किती वाजता निघतेस?"

"साडेनवाला. झाडायचं असतं ना आधी."

"माझ्याच्यानं सकाळच्या थंडीत स्टीअरिंग वळत नाही," जॉइस म्हणाली. "जाताना मला घे."